फार्स पडद्यावर का पडतो? ('रन फॉर युअर वाइफ'च्या निमित्ताने)

दुसरी_घंटा

इंग्लिश नाटककार रे कूनीचं 'रन फॉर युअर वाइफ' हा फार्स, म्हणजे थापा आणि धांदलीवर चालणारं विनोदी नाटक, लंडनमध्ये १९८३ साली आला आणि जवळजवळ नऊ वर्षं चालला. रिचर्ड ब्रायर्स आणि बर्नार्ड क्रिबिन्स ही त्यातली पहिली जोडी. पुढे याच नाटकावर कूनीने जॉन ल्यूटनला बरोबर घेऊन स्वतःच चित्रपट काढला. १४ फेब्रुवारी २०१३ ला तो ब्रिटनमध्ये नऊ चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या शनिवार-रविवारचा गल्ला जमला ६०२ पौंड. चित्रपटाचा खर्च नऊ लाख पौंडांच्या घरात होता.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी गोष्ट. जॉन स्मिथ टॅक्सी चालवतो. त्याला दोन बायका, एक विम्बल्डनला आणि दुसरी स्ट्रेटमला. दोघींना एकमेकींचा पत्ता नाही. टॅक्सीच्या पाळ्या कधीही असतात, त्याच्या आडोशाने त्याने दोन्ही संसारांचं वेळापत्रक बसवलंय. एका रात्री गुंडांच्या तावडीतून एका म्हातारीला सोडवताना त्याच्याच डोक्याला मार बसतो आणि गुंगीत त्याच्या तोंडून दोन्ही पत्ते जातात. सकाळी दोन ठाण्यांचे दोन अधिकारी दोन घरी हजर! मग वरच्या मजल्यावरचा शेजारी स्टॅन्ली मदतीला धावतो आणि एक थाप झाकायला दुसरी, दुसरीसाठी तिसरी असं सुरू होतं.

आता माझं म्हणणं. नाटकात रंगमंचावर दिवाणखाना एकच असतो आणि तोच दोन्ही घरांचा. विम्बल्डनची बायको सोफ्यावर बसलेली असते, स्ट्रेटमची तिच्या समोरून चालत जाते, आणि दोघी एकमेकींना दिसत नाहीत, कारण त्या वेगवेगळ्या घरांत आहेत. पडदा उघडतो तोच मुळी दोघी नवरा घरी आला नाही म्हणून आपापल्या पोलिस ठाण्याला फोन करत असताना. पहिल्या मिनिटाला प्रेक्षकाला सगळं कळलेलं असतं. चित्रपटात एक घर फिन्सबरीला, एक स्टॉकवेलला, आणि कॅमेरा इथून तिथे जातो. नाटकाचा प्राण तिथेच गेला असं मला ठामपणे वाटतं. लेखक तोच, थापा त्याच, पण दोन बायका एका चौकटीत नाहीत.

तुम्हाला काय वाटतं? फार्स पडद्यावर नेताच येत नाही, की हा एकच चित्रपट फसला?

---

आगाऊ_कार्टं

६०२ पौंडांत जॉनच्या दोन घरांपैकी एकाचंही महिन्याचं भाडं निघालं नसतं. 😀

---

विंगेतला

धागा वाचून फार बरं वाटलं. मी बरीच वर्षं हौशी रंगभूमीवर फार्स केलेत, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

नेपथ्याचं तुमचं निरीक्षण पटलंच. त्यात एक भर. फार्समध्ये प्रेक्षक हे एक पात्र असतं. तालमीत आम्ही वाक्यं पाठ करतो, एंट्र्या-एक्झिट बसवतो, दारं कुठे उघडतात ते ठरवतो, पण हशा किती वेळ चालणार हे पहिल्या प्रयोगापर्यंत कुणालाच माहीत नसतं. हशा चढतो तेव्हा थांबायचं, पूर्ण शांत होऊ द्यायचा नाही, उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकायचं. दहाव्या-पंधराव्या प्रयोगाला ही लय अंगात येते. कूनी तर आपली नाटकं आधी गावोगावी लावून, प्रेक्षकांसमोर पुन्हा पुन्हा दुरुस्त करून मग लंडनला आणणारा माणूस.

चित्रपटात नटासमोर हसणारं कुणी नसतं. तो वाक्यामागून वाक्य बोलत जातो, नाहीतर अंदाजाने मधे जागा सोडतो. जागा सोडली आणि चित्रपटगृहात हशा आला नाही, तर ती दोन सेकंदं सहन होत नाहीत. नाही सोडली आणि हशा आला, तर पुढचं वाक्य बुडालं. दोन्हीकडून मरण.

आणि क्लोजअप! फार्समध्ये बोलणाऱ्याचा चेहरा एकट्याने पाहून भागत नाही. त्याच क्षणी मागच्या दारातून डोकावणारा, सोफ्यामागे लपलेला आणि मधे उभा राहून घाम पुसणारा, असे तिघे एकदम दिसायला हवेत. कुठे बघायचं हे प्रेक्षक ठरवतो. कॅमेऱ्याने ते त्याच्या वतीने ठरवलं की विनोदाची हवा जाते.

---

थेम्सकाठ

मी इथे दक्षिण लंडनलाच राहतो, स्ट्रेटमपासून फार लांब नाही. माझं मत वेगळं आहे. सेट आणि कॅमेरा ही दुय्यम कारणं आहेत. चित्रपट पडला तो काळामुळे.

१९८३ मध्ये नवरा कुठे आहे हे कळायला घरच्या फोनची वाट बघावी लागायची. नाटकातल्या निम्म्या थापा घरातल्या फोनवर उभ्या आहेत: कोण उचलतो, कोण ऐकतो, कोण 'राँग नंबर' म्हणून ठेवतो. २०१२ सालच्या लंडनमध्ये प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना तीच गोष्ट घडवायची म्हणजे प्रेक्षकाला पावलोपावली प्रश्न पडणार. दुसरं, नाटकात जॉन आणि स्टॅन्ली ह्यांचं समलिंगी जोडपं असल्याच्या गैरसमजावर भरपूर हशे घेतलेत. तेव्हाच्या प्रेक्षकाला ते चाललं. तीस वर्षांनी तेच विनोद तसेच्या तसे ऐकवले की लोक अवघडतात, आणि अवघडलेला माणूस हसत नाही.

आमच्या भागातली हौशी मंडळं हे नाटक अजून करतात. ती त्याला १९८३ मध्येच ठेवतात, तेव्हाचे कपडे, तेव्हाचा फोन. आणि सभागृह हसतं.

---

दुसरी_घंटा

@थेम्सकाठ, मोबाइलचा मुद्दा बिनतोड आहे. पण तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने जातं बघा. काळ जुना ठेवून हौशी मंडळी हसवतात, तर चित्रपटालाही १९८३ साल ठेवता आलं असतं. तरीही दोन घरं कापून कापून दाखवली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न उरतोच.

@विंगेतला, तुमचा प्रतिसाद जपून ठेवला.

---

सांगलीकर

धाग्यावर मावशीचं नाव अजून कसं निघालं नाही?

ब्रँडन थॉमसचं 'चार्लीज आन्ट' २९ फेब्रुवारी १८९२ ला बरी सेंट एडमंड्स इथे पहिल्यांदा झालं, डिसेंबरात लंडनला आलं आणि तिथे सलग १,४६६ प्रयोग चाललं. त्या काळातला हा विक्रम होता. ऑक्सफर्डमधली पोरं, मैत्रिणींना जेवायला बोलवायचं तर घरातली वडीलधारी बाई हजर हवी, चार्लीची ब्राझीलची श्रीमंत मावशी वेळेवर पोचत नाही, म्हणून मित्रालाच बाईचे कपडे चढवतात. पुढे खरी मावशी येते. अत्र्यांनी त्याचं 'मोरूची मावशी' केलं आणि ते इतकं आपलं झालं की मूळ इंग्रजी आहे हे कित्येकांना सांगूनही पटत नाही. १९८५ च्या सुमारास 'सुयोग'ने ते पुन्हा आणलं. विजय चव्हाणांची मावशी, सोबत प्रदीप पटवर्धन आणि प्रशांत दामले. 'टांग टिंग टिंगा' सुरू झालं की थिएटर डोक्यावर घ्यायचे लोक.

माझा मुद्दा असा की विजय चव्हाणांची मावशी बहुतेकांनी पाहिली ती रेकॉर्डिंगवर. रंगमंचासमोर कॅमेरा लावून केलेलं साधं चित्रण, आवाज कधी लांबून येतो, तरी घरातली तीन पिढ्यांची माणसं हसून लोळतात. म्हणजे कॅमेरा फार्सचा शत्रू नाही. नाटकगृहातला हशा त्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो म्हणून आपण घरी बसून प्रेक्षागृहात असतो.

---

निशिगंधा_कुलकर्णी

सांगलीकर दादा, अगदी मनातलं बोललात! आमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीत मावशी लावायचीच असा नेम होता. आजी प्रत्येक वाक्य आधी म्हणायची आणि तरी त्याच वाक्याला सगळ्यात मोठ्याने हसायची.

---

मीनाक्षी_क

'चार्लीज आन्ट'वरून ब्रिटनमध्ये १९४० साली 'चार्लीज बिग-हार्टेड आन्ट' नावाचा चित्रपट निघाला होता. गेन्सबरो पिक्चर्सचा, दिग्दर्शक वॉल्टर फोर्ड, मावशीच्या वेशात आर्थर अॅस्की. अॅस्की आणि त्याचा जोडीदार रिचर्ड मर्डॉक तेव्हा बीबीसी रेडिओवरच्या 'बँड वॅगन'मुळे घराघरात पोचलेले होते.

या चित्रपटाने नाटक जसंच्या तसं उचललं नाही. ऑक्सफर्ड ठेवलं, मित्राने मावशी होणं ठेवलं, बाकीची गोष्ट अॅस्कीच्या अंगच्या करामतींना जागा मिळेल अशी नव्याने रचली. पोरं आता प्रेमासाठी खटपट करत नाहीत, कॉलेजातून हाकलले जाऊ नये म्हणून करतात. मला ही वाट शहाणपणाची वाटते. फार्स पडद्यावर आणायचा तर त्याचा सांगाडा मोडायची तयारी हवी. कूनीला आपल्या नाटकातलं काही सोडवेना, आणि ते मी समजू शकते. नऊ वर्षं लोक ज्या वाक्याला रोज हसले, ते वाक्य कापायला कुणाचा हात धजावेल?

---

पडद्यामागची_बाई

मीनाक्षीताई, सांगाडा मोडायला हवाच असं नाही. 'रूकरी नूक' बघा, १९३० चा.

ऑल्डविच थिएटरला तेव्हा बेन ट्रॅव्हर्सच्या फार्सचा धडाका होता. टॉम वॉल्स, राल्फ लिन, रॉबर्टसन हेअर हे तिघे, आणि करड्या मोलकरणीच्या भूमिकेत मेरी ब्रफ. 'रूकरी नूक' १९२६ चं नाटक. राल्फ लिनचा जेराल्ड बायको यायच्या आधी भाड्याच्या बंगल्यात येऊन उतरतो आणि सावत्र बापाने घराबाहेर काढलेली एक तरुणी रात्री पायजम्यात तिथे आसऱ्याला येते. आता तिला लपवायचं कुठे? आजूबाजूला कान लावून बसलेले नातेवाईक आहेतच.

बोलपट नुकते आले होते. कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून तो बंद पेटीत ठेवायचे, त्यामुळे तो फारसा हलायचा नाही. टॉम वॉल्सनेच दिग्दर्शन केलं, नट तेच, दारं तीच, जिने तेच. चित्रपट म्हणून पाहायला गेलं तर अगदी जागच्या जागी. आणि तो जोरात चालला! त्यामागोमाग ऑल्डविचच्या फार्सवरून एकामागून एक चित्रपट निघाले. चारजण एकमेकांच्या तालमीत इतकी वर्षं मुरलेले होते की समोर प्रेक्षक नसला तरी हशा कुठे येणार हे त्यांच्या अंगात भिनलं होतं. विंगेतला म्हणतात ती लय पडद्यावरही टिकली, कारण ती नटांनी रंगमंचावर आधीच कमावलेली होती.

कूनीच्या चित्रपटात डॅनी डायर, डेनिस व्हॅन आउटेन, सारा हार्डिंग, नील मॉरिसी. चौघांचं नाव आपापल्या जागी आहे. पण ते एकत्र हे नाटक शेकडो वेळा जगलेले नव्हते. माझ्या मते कारण हेच.

---

आगाऊ_कार्टं

आणि म्हातारी कोण आहे सांगा कुणीतरी, विसरलात सगळे!

---

पडद्यामागची_बाई

ज्युडी डेंच! शिवाय कूनीच्या ओळखीतले जुने नामवंत नट क्षणभराच्या दर्शनाला ओळीने येतात. पाहुण्यांच्या प्रत्येक झलकीला गोष्टीचा वेग तुटतो. फार्समध्ये वेग तुटला की प्रेक्षकाला विचार करायला वेळ मिळतो आणि विचार केला की थाप उघडी पडते.

---

थेम्सकाठ

ज्युडी डेंचबद्दल कुणी काही बोलायचं नाही. 🙂

अवांतर: कूनीचं शिक्षण कुठे झालं ते सांगावंसं वाटतं. तो ब्रायन रिक्सच्या कंपनीत नट होता. व्हाइटहॉल थिएटरला रिक्सने १९५० मध्ये 'रिलक्टंट हीरोज' आणलं, त्याचे १,६१० प्रयोग झाले. मग 'ड्राय रॉट', 'सिम्पल स्पायमेन'. कूनी या शेवटच्या दोन्हींत कामं करत होता, आणि १९६१ चं 'वन फॉर द पॉट' हे टोनी हिल्टनबरोबर लिहिलेलं त्याचं नाटक त्याच रंगमंचावर झालं. म्हणजे लेखक होण्याआधी त्याने रोज रात्री दारं आपटली आहेत.

रिक्सची मुलगी डाउन सिंड्रोम घेऊन जन्माला आली. मतिमंद म्हणून ज्यांना संस्थांत कोंडून ठेवत, अशा माणसांसाठी त्याने पुढे आयुष्य दिलं. १९८० मध्ये रंगभूमी बाजूला ठेवून 'मेनकॅप' संस्थेचा सरचिटणीस झाला, नंतर लॉर्ड्स सभागृहात बसला. विनोदी नट म्हणून ज्याची पँट रोज घसरायची त्या माणसाचा हा दुसरा अंक मला पहिल्याहून मोठा वाटतो.

मूळ विषयाशी संबंध असा: रिक्सचे फार्स बीबीसीने थेट व्हाइटहॉल थिएटरमधून, समोर भरलेल्या प्रेक्षागृहासकट दाखवले आणि ते घरोघरी गाजले. 'रिलक्टंट हीरोज' आणि 'ड्राय रॉट'चे चित्रपटही निघाले, पण आमच्याकडच्या म्हाताऱ्या मंडळींना विचारलं तर आठवण निघते ती टीव्हीवरच्या प्रक्षेपणांची. सांगलीकरांचा रेकॉर्डिंगचा मुद्दा इथे जुळतो.

---

नवा_सभासद_२३

'नो सेक्स प्लीज, वुई आर ब्रिटिश' पण फार्सच ना? त्याचा चित्रपट मला आवडला होता.

---

मीनाक्षी_क

हो, आणि उदाहरण चांगलं काढलंत. १९७१ ते १९८७, ६,७६१ प्रयोग! बँकेच्या वर राहणारं नवं जोडपं, टपालाने मागवतात काचेची भांडी आणि येतात अश्लील चित्रांचे गठ्ठे. ते कुठे नेऊन टाकायचे यावर सगळं नाटक. रंगमंचावर धांदरट कॅशिअर मायकेल क्रॉफर्डने केला, १९७३ च्या चित्रपटात रॉनी कॉर्बेटने. क्रॉफर्डचं काम म्हणजे सगळं शरीर, उड्या आणि धडपडी. कॉर्बेट बुटका, बोलण्यातून हसवणारा. भूमिका त्याच्या मापाने बेतली म्हणून ती पडद्यावर उभी राहिली. नाटकाइतका चित्रपट कुणाच्या लक्षात नाही हे मान्य, पण तो बघवतो.

---

सांगलीकर

आपल्याकडेही बबन प्रभू आणि आत्माराम भेंडे यांनी फार्स म्हणजे काय ते शिकवलं. 'झोपी गेलेला जागा झाला', 'दिनूच्या सासूबाई राधाबाई'. त्या दोघांचं एकमेकांना वाक्य देणं-घेणं हीच खरी संहिता होती असं जुने लोक सांगतात. नुसतं छापील नाटक वाचलं तर तेवढं हसू येत नाही. पडद्यामागच्या बाई म्हणतात त्याला हा आपल्या मातीतला पुरावा.

---

विंगेतला

सांगलीकर, सहमत. फार्सची संहिता वाचून नाटक नाकारणारे निर्माते मी पाहिलेत. कागदावर ते खुळचट दिसतं. उभं राहून केल्याशिवाय कळत नाही.

आता दुसरी_घंटा यांचा मूळ प्रश्न. 'रन फॉर युअर वाइफ' पडद्यावर करताच आलं नसतं का? मला वाटतं आलं असतं. एकच सेट लावायचा, दोन्ही घरांचा, आणि तो सेट आहे हे लपवायचं नाही. दोघी बायका एकाच चौकटीत ठेवायच्या. कॅमेरा मागे, लांब लांब शॉट, माणसं डोक्यापासून पायापर्यंत दिसतील असे. नटांनी आधी महिनाभर ते प्रेक्षकांसमोर करायचं आणि मगच कॅमेरा लावायचा. काळ १९८३. पाहुणे कलाकार नकोत. चित्रपटाचा प्रेक्षक हे स्वीकारेल का? पहिल्या पाच मिनिटांत दोघी एका सोफ्यावर बसून दोन वेगळ्या ठाण्यांना फोन करताना दिसल्या की नियम कळतो त्याला. प्रेक्षक आपल्याला वाटतो त्याच्यापेक्षा हुशार असतो.

---

थेम्सकाठ

विंगेतला, हे मी तिकीट काढून बघेन. फक्त समलिंगी जोडप्याच्या गैरसमजावरचे हशे नव्याने लिहायला हवेत. तिथे माझा हट्ट कायम.

---

पडद्यामागची_बाई

कूनीने २००१ मध्ये याच नाटकाचा पुढचा भाग लिहिला, 'कॉट इन द नेट'. जॉनच्या एका घरचा मुलगा आणि दुसऱ्या घरची मुलगी इंटरनेटवर भेटतात आणि एकमेकांना प्रत्यक्ष भेटायचं ठरवतात. तिथेही दोन्ही घरं एकाच रंगमंचावर. म्हणजे थेम्सकाठ म्हणतात तो नव्या काळाचा अडसर कूनीने स्वतःच ओलांडला होता, नवं यंत्र गोष्टीत घेऊन. चित्रपटासाठी हे नाटक निवडलं असतं तर?

---

दुसरी_घंटा

हे नाटक मी वाचलंय, आणि तुमचं म्हणणं पटतंय. त्यात मुलं इंटरनेटवर भेटलेली असल्यामुळे जॉनला ती भेट थांबवणं फोनपेक्षा अवघड जातं, थापांना नवा धोका मिळतो.

एका गोष्टीवर मात्र मी अडून आहे. @मीनाक्षी_क, सांगाडा मोडावा हे अॅस्कीला जमलं, कारण 'चार्लीज आन्ट'चा सांगाडा म्हणजे वेषांतर. ते कुठल्याही खोलीत, बागेत, रस्त्यावर चालतं. कूनीच्या नाटकाचा सांगाडा म्हणजे ती खोलीच आहे. जाता जाता, रिचर्ड ब्रायर्स हा रंगमंचावरचा पहिला जॉन १७ फेब्रुवारी २०१३ ला गेला. चित्रपट लागून तीन दिवस झाले होते. त्याचा जॉन ज्यांनी लंडनला पाहिलाय असं इथे कुणी असेल, तर त्याच दोन घरांच्या खोलीत तो नेमका कसा वावरायचा ते लिहा, मला ते फार जाणून घ्यायचंय.

---

थेम्सकाठ

माझ्या शेजारच्या आजोबांनी क्रायटेरियन थिएटरला हे नाटक पाहिलंय. ब्रायर्सचं की नंतरच्या कुणाचं ते विचारून रविवारी इथे लिहितो.